पंडिता रमाबाईंचा धीर : वाँटेज ते केडगाव



दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री आपल्या मॉरिशसमधले रस्ते माणसांनी फुलून जातात. लहानथोर, म्हातारेकोतारे पायी चालत सेंत-क्रोआच्या दिशेने निघतात. पेर लावाल यांच्या समाधीपाशी मेणबत्ती लावायची, हात जोडायचे आणि मनातले मागणे मागायचे. पेर लावाल १८४१ साली या बेटावर आले, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या गरीब लोकांत राहिले आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी इथेच वारले. त्या गर्दीत ख्रिस्ती असतात, तसे हिंदू असतात आणि मुसलमानही असतात. महाशिवरात्रीला कावड घेऊन गंगा तलावाला चालत जाणारी पावलेच कधी कधी सप्टेंबरात सेंत-क्रोआला जातात. शेजाऱ्याच्या देवालाही नमस्कार करावा, ही आपल्या बेटावरची जुनी रीत आहे.

त्या गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी मागायला आलेला असतो. कोणाला आजारी माणसासाठी आराम हवा असतो, कोणाला मुलासाठी नोकरी, कोणाला मुलीसाठी चांगले स्थळ. मागणे सोपे असते. मागून घरी परतल्यावर वाट पाहणे कठीण असते. महिना जातो, वर्ष जाते, उत्तर येत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, "धीर धर, देवावर विश्वास ठेव." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला कधी कधी वाटते, की धीर धर म्हणजे गप्प बस, आणि विश्वास ठेव म्हणजे प्रश्न विचारू नकोस.

ख्रिस्ती धर्मात धीर आणि देवावरील विश्वास या दोन गुणांना फार मोठे स्थान आहे. त्यांचा खरा अर्थ काय, हे समजून घ्यायचे तर मोठमोठे ग्रंथ उघडण्याची गरज नाही. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, शास्त्र्याच्या घरात जन्मलेल्या एका बाईच्या चरित्राकडे पाहिले तरी पुरे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आणि त्यांच्या धीराची मोठी परीक्षा झाली ती इंग्लंडमध्ये.

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली १९६० आणि १९७० च्या दशकांत नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली. परकी थंडी, परके जेवण, परकी माणसे आणि आपले म्हणणे कोणाला समजत नाही याचे दुःख, हे त्या घरांना ठाऊक आहे. त्यांच्या ऐंशी-नव्वद वर्षे आधी एक विधवा मराठी बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच देशात उतरली होती.

ईयोब गप्प बसला नव्हता

आधी बायबलातल्या एका जुन्या कथेची आठवण करू. ईयोब नावाचा एक सज्जन, देवभीरू माणूस होता. एकाएकी त्याची गुरेढोरे गेली, मुलेबाळे दगावली, अंगभर फोड आले आणि तो राखेत येऊन बसला. त्याचे मित्र समाचाराला आले. तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असले पाहिजे, म्हणून देवाने ही शिक्षा दिली, असे ते त्याला समजावू लागले. ईयोबाने ते मानले नाही. तो रडला, ओरडला, देवाशी भांडला, आपला अपराध काय ते सांग म्हणून त्याने देवालाच जाब विचारला. पण देवाकडे पाठ मात्र त्याने फिरवली नाही. कथेच्या अखेरीस देवाने ईयोबाला त्याच्या मर्यादेची जाणीव करून दिली खरी, पण राग धरला तो उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

पुढे येशूच्या काळानंतर याकोबाने आपल्या पत्रात धीराचा नमुना म्हणून याच ईयोबाचे नाव घेतले. म्हणजे ज्याने इतके प्रश्न विचारले, तोच ख्रिस्ती परंपरेत धीराचा आदर्श ठरला. त्याच पत्रात याकोबाने आणखी एक उदाहरण दिले आहे, ते शेतकऱ्याचे. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आपल्या बेटावर ज्यांच्या पणजोबांनी ऊस लावला, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उसाला वर्ष लागो, दीड वर्ष लागो, शेतकरी वाट पाहतो. पण वाट पाहताना तो बांधावर झोपत नाही. तो दगड वेचतो, तण काढतो, पाणी पाहतो. पाऊस त्याच्या हातात नसतो, कुदळ मात्र असते.

ही दोन चित्रे मनात ठेवून रमाबाईंकडे वळू.

एकामागून एक घाव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर हिंडत असे. पुढे दुष्काळ पडला. होते नव्हते ते संपले, उपास घडू लागले आणि थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास दोघे उरले. पायी हजारो मैल चालत ती दोघे १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीचे संस्कृत ऐकले आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पण दुःख पाठ सोडीना. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

कोणी म्हणेल, आता या बाईने देवाचे नाव टाकले असते तरी नवल नव्हते. त्या पुण्याला आल्या, १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला, आणि भारतातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे, म्हणून इंग्लंडला जायचे ठरवले. प्रवासाच्या खर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिले. २० एप्रिल १८८३ रोजी मनोरमा आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह त्या जहाजाने निघाल्या. ख्रिस्ती होण्याचा आपला विचार नाही, असे निघताना त्यांचे सांगणे होते.

वाँटेजचे दिवस

वाँटेज हे दक्षिण इंग्लंडमधले एक लहानसे गाव. तिथे १८४८ साली स्थापन झालेला सेंट मेरी भगिनींचा मठ होता. याच मठाच्या भगिनी पुण्यातही काम करीत असत, त्या ओळखीने रमाबाई वाँटेजला राहिल्या. राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात त्या भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवू लागल्या. इंग्लंडच्या एका मठात १८८३ साली एक मराठी बाई 'अ आ इ ई' गिरवून घेत होती, हे चित्र आपण डोळ्यांसमोर आणावे.

पहिला धक्का लवकरच बसला. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकीचा अभ्यास जमणार नाही, असे ठरले. ज्यासाठी समुद्र ओलांडला, ते दारच बंद झाले. दुसरा धक्का याहून भयंकर होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. त्या परक्या गावात आपल्या भाषेत बोलायला जे एक मोठे माणूस होते, तेही गेले.

याच दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागात काही काळ राहायला नेले होते. वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांना मठाच्या बायका तिथे आसरा देत, माणुसकीने वागवत. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. आपल्याकडे अशा स्त्रीला दारात उभे करीत नाहीत, मग या का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी टाकलेल्या शोमरोनी बाईजवळ येशू पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माविषयी बोलतो, ती ही गोष्ट. रमाबाईंचे मन तिथे वळले. काशीला वाढलेले, पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीचे समाधान केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात फार मोठी खळबळ उडाली. आपल्या समाजाने एक विदुषी गमावली, असे अनेकांना वाटले. त्या धर्मांतरावर तेव्हा कडक टीका झाली आणि आजही मतभेद आहेत. ते मत ज्याचे त्याने ठरवावे. आपला आजचा विषय पुढचा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

देवावर विश्वास, पण कोणाच्या सांगण्यावरून?

बाप्तिस्मा झाला की सगळे सुरळीत होईल, असे मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटले असावे. त्या रमाबाईंच्या धर्मातल्या आई मानल्या जात. पण रमाबाई प्रश्न विचारतच राहिल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे देवाचे त्रैक्य कसे मानायचे? चमत्कारांवर आणि कुमारीच्या पोटी येशूचा जन्म यावर विश्वास ठेवायलाच हवा का? चर्चने सांगितले म्हणजे ते देवाने सांगितले असे होते काय? सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. नव्या ख्रिस्ती माणसाने नम्रपणे ऐकावे, असे त्यांचे म्हणणे होते.

वाद लहान गोष्टींतही येई. रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेली पुडिंगेही त्या खात नसत. हा जुना जातीचा अभिमान आहे, असा आक्षेप आला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याचा प्रश्न निघाला. रमाबाईंनी उत्तर दिले, की लॅटिन मला समजत नाही आणि माझ्या देशातल्या भगिनींनाही समजणार नाही, तर मग अक्षरे संस्कृत का नसावीत? देव मान्य केला म्हणून इंग्रजांचे जेवण आणि लॅटिन भाषाही मान्य करावी लागते, हे त्यांना पटत नव्हते.

१८८४ साली त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील या नामांकित शिक्षणतज्ज्ञ होत्या. रमाबाई तिथे संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, शास्त्र आणि इंग्रजी शिकत. तिथे काही तरुण पुरुषांनाही त्यांनी शिकवावे, असा विचार निघाला. पण मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले हे भारतात कळले, तर तिचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे दुःखही झाले आणि रागही आला. भारतात त्या पुरुषांच्या भरलेल्या सभांत बोलल्या होत्या. त्यांनी स्पष्ट लिहून कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे तसलेच जोखड घेणार नाही. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे ती देवानेच, असा त्यांचा मुद्दा होता.

या साऱ्या वादाची पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली. ती १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती वाचताना दोन्ही बाजूंविषयी वाईट वाटते. सिस्टर जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. मनोरमेवर त्यांचा फार जीव होता. पण त्यांना रमाबाईंकडून लवकर उत्तर हवे होते. मिस बील यांनी मात्र रमाबाईंना विचार करायला वेळ दिला, प्रश्नांना न रागावता उत्तरे दिली.

इथे धीराचा पहिला अर्थ कळतो. रमाबाईंनी आपल्या मनाला घाई करू दिली नाही. न पटलेले पटले असे म्हटले असते, तर मठात सुखाने राहता आले असते, मदतही मिळत राहिली असती. त्या पूर्णपणे दुसऱ्यांच्या आश्रयाला होत्या, जवळ लहान मूल होते. तरी त्या खोटे बोलल्या नाहीत आणि रागाच्या भरात येशूलाही सोडले नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनाला खरी शांती मिळाली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. आठ वर्षे! ज्यांना वाटते की श्रद्धा एका दिवसात ठाम व्हायला हवी, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ब्रिस्टलचा न मागणारा माणूस

विश्वासाचा दुसरा धडा रमाबाईंना मिळाला तोही इंग्लंडकडूनच, पण पुस्तकातून. चेल्टनहॅमपासून फार दूर नसलेल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर नावाचा एक माणूस राहत होता. जन्माने जर्मन, १८०५ सालचा. तरुणपणी उधळ्या होता, हॉटेलचे पैसे बुडवल्याबद्दल तुरुंगाची हवा खाऊन आला होता. पुढे त्याचे आयुष्य पालटले. १८३६ साली त्याने ब्रिस्टलच्या विल्सन रस्त्यावर भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम काढला. नियम असा केला, की कोणत्याही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही. गरज फक्त देवाला सांगायची.

पुष्कळदा उद्याच्या भाकरीला आज पैसे नसत. कोणी म्हणत, हा माणूस दरवर्षी अहवाल छापतो, म्हणजे अप्रत्यक्ष मागतोच की. हा आक्षेप अगदीच खोटा नाही, अहवाल वाचून लोक पैसे पाठवीत असतीलच. पण १८४१ च्या अखेरीस आश्रमाची फारच ओढाताण झाली, तेव्हा म्युलरने वार्षिक सभा आणि अहवाल दोन्ही मुद्दाम पुढे ढकलले. आपली अडचण कळून कोणी दया करू नये, एवढाच हेतू. शिवाय तो पैशापैशाचा हिशोब ठेवी आणि लोकांपुढे मांडी. देवावर विश्वास आहे म्हणून हिशोबाची वही कशाला, असे तो कधी म्हणाला नाही.

१८४९ साली मुले ॲशली डाऊन टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली. १८७० पर्यंत तिथे पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. मार्च १८९८ मध्ये म्युलर वारला, तोपर्यंत दहा हजारांहून अधिक मुले त्याच्या आश्रमात वाढली होती आणि न मागता आलेला पैसा सुमारे १५ लाख पौंड होता. उतारवयात तो जगभर प्रवचने देत हिंडला, भारतातही आला. १८९० साली जबलपूरला असताना एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूची बातमी त्याला कळली. देवावर विश्वास ठेवणाऱ्याच्या घरी दुःख येत नाही, असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

रमाबाईंनी म्युलरचे चरित्र वाचले, तसेच चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण सागरातल्या बेटांवर काम करणारे जॉन पेटन यांचेही वाचले. वाचून त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. देवावर असा भरवसा इंग्लंडमध्ये ठेवता येतो, तर भारतात का ठेवता येऊ नये?

केडगावच्या विहिरी

या प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ दुष्काळाने आणली. मधल्या काळात पुष्कळ घडले होते. १८८६ च्या आरंभी रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. बोस्टनच्या लोकांनी मंडळ स्थापून त्यांना दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, म्हणून १८९३ साली मोठे वादळ झाले. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

दहा वर्षांनी बोस्टनची मदत थांबणार, हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत. बघा, देवावर भरवसा ठेवणारी बाई झाडे लावते! झाड लावणे हाच विश्वास आहे. ज्याला उद्यावर भरवसा नाही, तो कशाला रोप लावील?

पण झाडांना फळे येण्याआधी १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. मदत होती ती जेमतेम पन्नासेक मुलींपुरती. रमाबाईंना आपले बालपण आठवले. उपाशी आई, उपाशी वडील, झाडाचा पाला. त्या निघाल्या आणि सुमारे ३०० मुलींना घेऊन परतल्या. पैसे कुठून येणार, हे ठाऊक नव्हते. काही मुली इतक्या खंगल्या होत्या की वाचल्या नाहीत. वाचल्या त्यांना अन्न, वस्त्र, अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जणी राहू लागल्या. तिथे विणकाम चाले, छापखाना चाले, तेलघाणा चाले, आंधळ्या मुलींसाठी वर्ग चाले. मुक्तीला ठराविक मदतीचा भरवसा नव्हता. येईल ते येईल, रोज प्रार्थना आणि रोज काम.

ब्रिस्टलचा धडा त्यांनी जसाच्या तसा उतरवला नाही, आपल्या मातीत लावला. विहिरी त्यांनी खणल्या, पाण्यासाठी देवाकडे पाहिले. याकोबाच्या पत्रातला शेतकरी तो हाच.

शेवटचे काम

रमाबाईंच्या धीराची एक खूण आजही हातात धरता येते. ती म्हणजे त्यांचे मराठी बायबल. आधी भाषांतरे होती, पण खेड्यातल्या बायकांना ती जड जातात असे त्यांना वाटे. म्हणून उतारवयात, कान जवळजवळ निकामी झालेले असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या या भाषांतराला बसत. ते सोप्या मराठीत उतरवले आणि मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी, छापले गेले.

काम संपत आले असताना शेवटचा घाव बसला. जुलै १८८३ मध्ये वाँटेजच्या मठात बोट धरून हिंडणारी मनोरमा आता मुक्तीचा सारा भार वाहत होती. आईच्या मागे तीच संस्था सांभाळील, असे सर्वांना वाटे. जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ते छापील पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपण ख्रिस्ती असू वा नसू, रमाबाईंच्या चरित्रातून दोन गोष्टी निवडून घरी नेता येतील.

पहिली अशी, की देवावरचा विश्वास आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांवरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडीलधारे, पुजारी, पाद्री यांचा मान राखावा, त्यांचे म्हणणे ऐकावे. पण एखाद्या सुनेवर, विधवेवर, मजुरावर अन्याय होत असताना "धीर धर, देवाची इच्छा" असे कोणी सांगत असेल, तर तो धीर देवाने मागितलेला नाही. रमाबाईंनी मरण सोसले, दारिद्र्य सोसले, मैत्रीण आणि मुलगी गमावल्याचे दुःख सोसले. अन्याय मात्र त्यांनी मुकाट्याने सोसला नाही, पुण्यातही नाही आणि वाँटेजलाही नाही.

दुसरी अशी, की वाट पाहताना हात रिकामे ठेवू नयेत. आजाऱ्याजवळ बसलेल्याने औषधाची वेळ पाहावी. परदेशातल्या मुलाचा फोन येत नसेल, तर आपण आधी करावा. देवाकडून उत्तर आले नाही म्हणून झाड लावायचे थांबवू नये. ख्रिस्ती संत पौलाने म्हटल्याचा आशय असा आहे, की संकटातून धीर येतो, धीरातून माणसाचा कस लागतो आणि त्यातून आशा उगवते. आशा शेवटी येते, आरंभी नव्हे. आरंभी फक्त कुदळ हातात असते.

येत्या सप्टेंबरात कोणी सेंत-क्रोआच्या रस्त्याने चालत असेल, कोणी गणपतीपुढे हात जोडून उभे असेल. मागणे मागून झाल्यावर क्षणभर या मराठी बाईची आठवण करावी. परक्या देशात, बहिऱ्या कानांनी, लहान मुलीला मांडीवर घेऊन ती देवाला प्रश्न विचारीत बसली होती. उत्तर यायला आठ वर्षे लागली. तोवर ती भगिनींना आपली मराठी शिकवीत होती.